वजनाचा निर्णय कोणाचा?

माझ्या धाकट्या बहिणीने वजन कमी करण्यासाठी औषध सुरू केले आहे आणि मी गेली अनेक वर्षे वजन कमी करण्याचा कोणताही प्रयत्न करत नाही. आम्ही दोघी सारख्याच अंगाच्या, दोघीही आईच्या वळणावर गेलेल्या. आमचे निर्णय वेगळे आहेत याचा आम्हाला स्वतःला कधी त्रास झाला नाही. तो झाला आजूबाजूच्या माणसांना. तिला विचारले जाते, 'तू तर स्वतःच्या शरीराचा स्वीकार केला होतास, मग आता हे कशाला?' आणि मला विचारले जाते, 'बहिणीने मनावर घेतले, तू कधी घेणार?' हे दोन प्रश्न विरुद्ध दिशांनी येत असले तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती अशी की शरीराचा स्वीकार म्हणजे वजन आहे तसेच ठेवण्याची शपथ आणि वजन कमी करणे म्हणजे त्या शरीराबद्दल व्यक्त केलेली नापसंती. ही समजूत मला चुकीची वाटते आणि ती बरेच नुकसान करते असेही वाटते, म्हणून आज त्याविषयी सविस्तर लिहिते आहे.

माझ्या मते स्वीकार ही निर्णयाच्या आधीची गोष्ट आहे. ज्याला आपल्या शरीराची लाज वाटते त्याला वजनाबद्दल खऱ्या अर्थाने निर्णय घेताच येत नाही, कारण त्याच्यापुढे पर्याय उरलेले नसतात. त्याला केवळ लाजेतून सुटायचे असते आणि जो कोणी सुटकेचे आश्वासन देईल त्याच्यामागे तो जातो. १९३०च्या दशकात डायनायट्रोफिनॉल नावाचे रसायन वजन उतरवण्यासाठी हजारो लोकांनी घेतले. त्याने काहींना मोतीबिंदू झाले आणि काहींचे प्राण गेले. १९९०च्या दशकात फेनफ्लुरामाइन आणि फेंटरमाइन ही औषधे एकत्र घेण्याची अशीच लाट आली, आणि हृदयाच्या झडपांना इजा होत असल्याचे दिसल्यावर १९९७ मध्ये फेनफ्लुरामाइन बाजारातून काढून घ्यावे लागले. ही औषधे घेणारी माणसे मूर्ख नव्हती. आहे त्या शरीरात आणखी एक वर्षही काढणे त्यांना अशक्य वाटत होते, आणि तसे वाटायला लावणारे लोक त्यांच्या भोवतीच होते. हे शरीर माझे आहे, त्याची काळजी घेतली जाण्याचा आणि त्याला आदराने वागवले जाण्याचा हक्क त्याला आज, या वजनावरच आहे, एवढे मनात पक्के झाले की मग शांतपणे विचारता येते: मला काय हवे आहे, त्याने काय साधेल आणि त्याची किंमत काय?

या विचाराला सुरुवात करताना बहुतेकांच्या हाती प्रथम एक आकडा ठेवला जातो, तो म्हणजे बीएमआय (बॉडी मास इंडेक्स). किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. या भागाकाराचे मूळ बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अडोल्फ केतले यांच्याकडे जाते. १८३०च्या दशकात त्यांनी असे नोंदवले की प्रौढ माणसांमध्ये वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यांना शोध होता तो 'सरासरी माणसा'चा. कोण निरोगी आणि कोण आजारी हे ठरवणे हा त्यांचा हेतूच नव्हता. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांच्या मोजमापांवरून वेगवेगळ्या सूत्रांची तुलना केली आणि याच सूत्राला बीएमआय हे आजचे नाव दिले. त्या अभ्यासात स्त्रिया नव्हत्या. सूत्र सोपे, वजनकाटा आणि मोजपट्टी सर्वत्र उपलब्ध, त्यामुळे ते पसरले, आणि मोठ्या लोकसमूहांची तुलना करण्यासाठी ते आजही उपयोगी आहे. अडचण सुरू होते ती समूहासाठी केलेले माप एका माणसाचा निकाल म्हणून सांगितले जाते तेव्हा.

सीमारेषांचेही तसेच आहे. १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी 'जादा वजना'ची सीमा पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ होती, ती दोघांसाठीही २५ वर आणली, आणि अंगावर एक ग्रॅमही न वाढता कोट्यवधी माणसे एका दिवसात वेगळ्या वर्गात गेली. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकसमूहांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचवले, कारण या समूहांत मधुमेहाचा धोका कमी बीएमआयलाच वाढलेला दिसतो. मला या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्याशा वाटतात. पहिली सांगितली की आमच्या, म्हणजे शरीराच्या स्वीकाराच्या, बाजूचे लोक माना डोलावतात आणि दुसरी सांगितली की गप्प होतात. पण सीमारेषा माणसांनी आखलेली आहे म्हणून तिच्या पलीकडचा धोका काल्पनिक ठरत नाही. आता वैद्यकीय क्षेत्रही या एका आकड्यावर समाधानी नाही. ब्रिटनमधील आरोग्यविषयक मार्गदर्शक तत्त्वांत २०२२ पासून असे सुचवले आहे की ३५ च्या आतील बीएमआय असलेल्या प्रौढांनी कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवण्याचा प्रयत्न करावा, कारण पोटातील अवयवांभोवती साठणारी चरबी मांड्यांवरील चरबीहून अधिक घातक असते. अमेरिकन वैद्यकीय संघटनेने २०२३ मध्ये बीएमआयच्या मर्यादा मान्य करून तो इतर मापांबरोबरच वापरावा अशी भूमिका घेतली. २०२५ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या अहवालात तर लठ्ठपणाचे दोन भाग केले आहेत: ज्यात अवयवांच्या कामावर किंवा रोजच्या हालचालींवर परिणाम झालेला आहे तो, आणि ज्यात चरबी जास्त असली तरी असा परिणाम अजून झालेला नाही तो. या विभागणीवर वाद आहेत आणि ते होत राहतील, परंतु 'तुमच्या शरीराचे काम कसे चालले आहे' हा प्रश्न 'तुमचा आकडा किती' या प्रश्नाच्या बरोबरीला आला, याचे मला मनापासून समाधान वाटते.

दुसरा मोठा गैरसमज इच्छाशक्तीचा. जाड माणसाकडे पाहिल्यावर त्याच्या स्वभावाबद्दल अंदाज बांधण्याची सवय इतकी खोल रुजलेली आहे की जाड माणसेही स्वतःबद्दल तेच अंदाज बांधतात. १९८६ मध्ये अल्बर्ट स्टंकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये लहानपणी दत्तक गेलेल्या ५४० प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या माणसांच्या अंगकाठीचा संबंध जन्मदात्या आईवडिलांच्या अंगकाठीशी स्पष्टपणे दिसला. ज्यांच्या घरात ती वाढली, ज्यांच्या हातचे जेवली, त्यांच्या अंगकाठीशी मात्र तो दिसला नाही. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन या संप्रेरकाचे जनुक सापडले आणि चरबीच्या पेशी मेंदूला साठ्याची खबर सतत देत असतात हे स्पष्ट झाले. साठा घटला की मेंदू भूक वाढवतो आणि ऊर्जेचा खर्च आवरता घेतो. यावर माणसाच्या संकल्पाचा अधिकार फार थोडा चालतो.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते मिनेसोटा विद्यापीठातील प्रयोगाने. बीएमआयला नाव देणारे तेच अ‍ॅन्सेल कीज; दुसरे महायुद्ध संपत आले होते आणि उपासमारीने खंगलेल्या लोकांना पुन्हा कसे सावरावे हे त्यांना शोधायचे होते. युद्धात शस्त्र धरण्यास तत्त्वतः नकार दिलेले ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने पुढे आले. १९४५ मध्ये २४ आठवडे त्यांना साधारण निम्म्या आहारावर ठेवण्यात आले, आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. त्यांना थंडी सोसेना, ते चिडचिडे आणि उदास झाले, मित्रांपासून तुटले, आणि खाण्याशिवाय त्यांना दुसरे काही सुचेना. पूर्वी स्वयंपाकात काडीचाही रस नसलेली माणसे तासन्‌तास पाककृतींची पुस्तके वाचू लागली. आहार पूर्ववत झाल्यानंतरही कित्येकांची भूक दीर्घकाळ शमत नव्हती. त्यांना रोज मिळणारे उष्मांक आजच्या अनेक आहार-तक्त्यांतील उष्मांकांपेक्षा कमी नव्हते, हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. तक्ता पाळताना आपल्याला आलेला चिडचिडेपणा, खाण्याचे सतत घोळणारे विचार आणि तक्ता सुटल्यावरची ती न आवरणारी भूक यांना आपण जन्मभर स्वभावदोष समजत आलो, आणि स्वेच्छेने उपाशी राहिलेल्या त्या सशक्त तरुणांनाही नेमके तेच झाले होते. २०१६ मध्ये केविन हॉल यांच्या संशोधनगटाने दूरचित्रवाणीवरील वजन घटवण्याच्या एका स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनंतर तपासणी केली, तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांचे वजन बरेचसे परत आले होते आणि विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सरासरी सुमारे ५०० उष्मांकांनी कमी होता.

येथे थांबून सगळे अनुवंशावर सोपवणे सोयीचे होईल, पण ते खरे होणार नाही. गेल्या काही दशकांत जगभर वजने वाढली आणि एवढ्या थोड्या काळात जनुके बदलत नाहीत. कामाचे बैठे स्वरूप, झोपेचे खोबरे, स्वस्त आणि सतत समोर येणारे तयार अन्न, मनावरचा ताण, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. स्टेरॉइडे, इन्सुलिन आणि मानसिक आजारांवरील काही औषधे यांनीही वजन वाढते. जनुके कोणाचे वजन सहज वाढेल हे ठरवतात आणि परिस्थिती ते किती वाढेल हे ठरवते, असे मी माझ्यापुरते समजून घेतले आहे. यात माणसाच्या हातात काहीच नाही असे नाही. पण हाती असलेले थोडे आहे, ते प्रत्येकाच्या बाबतीत सारखे नाही, आणि ज्याला वजन राखणे सोपे जाते त्याने ते आपल्या चारित्र्याचे फळ मानू नये.

आता आमच्या बाजूला अप्रिय असलेली गोष्ट. वजन जास्त असणे बऱ्याच आजारांचा धोका वाढवते, आणि स्वीकाराच्या नावाखाली हे झाकून ठेवणे मला अप्रामाणिक वाटते. टाइप दोनचा मधुमेह, झोपेत श्वास अडखळणे, गुडघ्यांची झीज, यकृतात चरबी साठणे ही यादी सर्वांना ठाऊक आहे; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये १३ प्रकारच्या कर्करोगांशी चरबीच्या अतिरेकाचा संबंध असल्याचा पुरेसा पुरावा आहे असे सांगितले. त्याच वेळी वजन उतरवले की सगळेच धोके उतरतात असेही सरळ सांगता येत नाही. मधुमेह असलेल्या पाच हजारांहून अधिक लोकांवर अमेरिकेत 'लुक अहेड' नावाची मोठी चाचणी झाली. ज्यांना आहार-व्यायामाचे सखोल मार्गदर्शन मिळाले त्यांनी पहिल्या वर्षी सरासरी ८.६ टक्के वजन घटवले. त्यांची साखर सुधारली, औषधे कमी लागली, झोपेतील श्वासाचा त्रास आणि हालचालीतील अडचणी कमी झाल्या. परंतु हृदयविकार आणि पक्षाघात यांचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा कमी झाले नाही आणि २०१२ मध्ये ती योजना थांबवण्यात आली. याउलट सेमाग्लुटाइड या वजन कमी करणाऱ्या औषधाच्या चाचणीत, आधीपासून हृदयविकार असलेल्या पण मधुमेह नसलेल्या सतरा हजारांहून अधिक लोकांत, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचा एकत्रित धोका २० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे कोणाचे वजन, कोणता आजार, कोणता उपाय यांवर उत्तर बदलते. असे बदलते उत्तर असलेला प्रश्न शेजाऱ्याने किंवा नातेवाइकाने आपल्या वतीने कसा सोडवावा?

माझ्या बहिणीला टाइप दोनचा मधुमेह आहे. तिने औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी दोन वेळा सविस्तर बोलणे केले आणि एका भेटीत मीही तिच्या सोबत होते. त्या डॉक्टरांबद्दल मला आदर वाटतो, कारण त्यांनी चांगले आणि वाईट दोन्ही एकाच आवाजात सांगितले. मधुमेह नसलेल्यांच्या २०२१ मधील चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन घटले, पण मधुमेह असलेल्यांमध्ये ते साधारण १० टक्क्यांपर्यंतच घटते. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होऊ शकते, पित्ताशयात खडे होऊ शकतात. चरबीबरोबर स्नायूही घटतात, म्हणून ताकदीचा व्यायाम लागतो. आणि औषध थांबवलेल्या लोकांचे घटलेले वजन वर्षभरात सुमारे दोन तृतीयांश परत आले होते, म्हणजे रक्तदाबाच्या गोळीप्रमाणे हेही दीर्घकाळ घ्यावे लागण्याची तयारी हवी. ते एवढे बोलून थांबले आणि म्हणाले, 'विचार करा, घाई नाही.' वजनाच्या बाबतीत 'घाई नाही' हे शब्द मी वैद्यकीय खोलीत प्रथमच ऐकले.

बहिणीने ते औषध स्वीकारले. तिच्या म्हणण्याप्रमाणे वजनापेक्षाही मोठा बदल मनात झाला. दिवसभर डोक्यात चालणारी खाण्याची आखणी आणि खाण्याबद्दलची भांडणे थांबली. 'ताई, इतर माणसे अशीच जगत असतील ना, मला कल्पनाच नव्हती,' असे ती मला म्हणाली. आणि नेमक्या याच वेळी, ज्या मैत्रिणींसोबत तिने वर्षानुवर्षे शरीराबद्दलच्या लाजेशी झुंज दिली, त्यांच्यापैकी दोघींनी तिच्याशी बोलणे कमी केले. त्यांच्या दृष्टीने ती शरण गेली होती.

मला हे फार लागले, कारण शरीराच्या स्वीकाराच्या या विचारधारेचे आमच्यावर उपकार आहेत. १९६९ मध्ये अमेरिकेत जाड माणसांच्या हक्कांसाठी 'नाफा' ही संघटना सुरू झाली, तेव्हा जाड माणसाच्या बाजूने बोलणारे सार्वजनिक जीवनात जवळपास कोणी नव्हते. १९७६ मध्ये मिशिगन राज्याने नोकरी आणि घर देताना वजन व उंचीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा केला. न्यू यॉर्क शहराला असाच कायदा करायला २०२३ साल उजाडले. खुर्च्या रुंद हव्यात, रुग्णालयातील पलंग आणि यंत्रे सर्व आकारांच्या माणसांना पेलणारी हवीत, वजनावरून पगार ठरू नये, या मागण्या त्या चळवळीने केल्या म्हणून आज त्या आपल्याला स्वाभाविक वाटतात. पण ज्या चळवळीने 'तुझ्या शरीरावर तुझा अधिकार आहे' असे शिकवले तिच्यातीलच काही जण तो अधिकार एका बाजूनेच वापरता येतो असे म्हणू लागले, तर जुन्या पहारेकऱ्यांच्या जागी नवे पहारेकरी आले एवढेच होते. मधुमेहाने आपल्या पायांची संवेदना जाईल का, डोळे राहतील का याचा विचार रात्री जागून करणाऱ्या बाईला तत्त्वाशी एकनिष्ठ राहण्यास सांगणे मला निर्दयपणाचे वाटते.

वजन कमी न करणाऱ्यांशीही वैद्यकीय खोलीत निर्दयपणा होतो, आणि त्याचे परिणाम मोजता येतात. खांदा दुखतो, हात वर जात नाही, म्हणून मी एकदा एका डॉक्टरांकडे गेले होते. खांद्याला हातही न लावता त्यांनी मला वजन उतरवण्याचा सल्ला दिला. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी तपासले तेव्हा खांद्याचा सांधा आखडलेला निघाला आणि काही महिन्यांच्या व्यायामाने तो सुटला. माझे दुखणे साधे होते. परंतु ज्यांचे दुखणे साधे नसते त्यांच्या बाबतीत हाच विलंब जिवावर बेतू शकतो, आणि वारंवार अपमान झालेली माणसे पुढे डॉक्टरांकडे जाणेच टाळतात, तपासण्या पुढे ढकलतात, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. रक्तदाबाचेच उदाहरण घ्या. दंडाला बांधायचा पट्टा लहान पडला तर रक्तदाब खोटा वाढलेला दिसतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा हवा होता त्यांना नेहमीचा पट्टा बांधल्यावर वरचा आकडा सरासरी २० च्या जवळपास जास्त आला. एवढ्या फरकाने निरोगी माणसाला गोळी सुरू होऊ शकते. म्हणून मी आता पट्टा बदलून मागते, आणि कोणत्याही दुखण्यासाठी प्रथम वजनाचा सल्ला मिळाला तर नम्रपणे विचारते, 'हीच तक्रार एखाद्या बारीक माणसाने केली असती तर आपण कोणती तपासणी सांगितली असती?' बहुतेक डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाहीत. काही जण क्षणभर थांबतात आणि मग तपासतात. डॉक्टरांनी वजनाविषयी बोलूच नये असे माझे म्हणणे नाही. त्यांनी आधी 'याविषयी बोलले तर चालेल का' असे विचारावे आणि 'आज नको' हे उत्तर नोंदवून घ्यावे, एवढेच हवे आहे.

घरातील आणि कामाच्या ठिकाणची टीका हा वेगळा विषय आहे, आणि त्यातील एकाच गोष्टीविषयी येथे लिहिते. वजन घटलेले दिसले की अभिनंदन करण्याची सवय आपण सोडावी. माझ्या एका सहकारी बाईंचे वजन भराभर उतरत होते, तेव्हा येता-जाता त्यांचे कौतुक होत होते. त्यांचे थायरॉइड बिघडलेले होते आणि त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले होते हे नंतर कळले. वजन दुःखाने घटते, नैराश्याने घटते, कर्करोगाने घटते, आणि खाण्याच्या विकारांनीही घटते, ज्यांत मृत्यूचे प्रमाण मानसिक आजारांमध्ये फार वरचे आहे. हे विकार फक्त बारीक माणसांना होतात असेही नाही. जाड शरीरातील मुलगी जेवण सोडते तेव्हा तिला आजारी समजण्याऐवजी शाबासकी दिली जाते, आणि म्हणून तिच्यापर्यंत मदत उशिरा पोहोचते. लहान मुलांसमोर आपण स्वतःच्या पोटाला आणि दंडांना नावे ठेवतो, तीही ती ऐकून शिकतात.

स्वतःपुरता मी काय निर्णय घेतला होता हेही स्पष्ट सांगते. माझा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल अनेक वर्षे ठीक होते. तरुणपणी अनेकदा आहार-तक्ते पाळून उतरवलेले वजन प्रत्येक वेळी परत आले, आणि त्या चक्रात माझी वर्षे आणि आनंद दोन्ही गेले. म्हणून मी वजनकाट्यावर चढणे थांबवले. आज अंगाला बसतात तेच कपडे घेते, नियमित चालते, ताकदीचा व्यायाम करते, कारण व्यायामाने रक्तदाब आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद वजन न घटताही सुधारतो. छायाचित्रांत मागे उभे राहणे सोडले. या निर्णयाने मला जे स्वास्थ्य मिळाले ते माझ्यासाठी खरे आहे आणि त्याबद्दल मला कोणाची परवानगी नको आहे.

मात्र या वेळच्या तपासणीत माझा एचबीएवनसी, म्हणजे रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ५.९ टक्के आला. ५.७ ते ६.४ हा टप्पा मधुमेहपूर्व अवस्थेचा मानला जातो, आणि बहिणीला मधुमेह असल्याने मी तो दुर्लक्षित करणार नाही. या अवस्थेसाठी उपलब्ध पुरावा चांगला आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या अमेरिकेतील चाचणीत तीन हजारांहून अधिक लोक होते. ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे ज्यांचे लक्ष्य होते त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले, मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. दहा वर्षांनी पहिल्या गटाचे बरेचसे वजन परत आलेले होते, तरीही त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण तुलनेने ३४ टक्क्यांनी कमीच होते, ही बाब मला विशेष विचार करायला लावते. त्यामुळे माझा जुना निर्णय मी पुन्हा उघडला आहे. व्यायामाची मिनिटे वाढवणे आणि झोप सुधारणे हे सुरू केले आहे. वजनाचे लक्ष्य ठेवायचे की नाही हे अजून ठरवलेले नाही, कारण ते ठेवले की माझे मन जुन्या चक्रात किती लवकर शिरते हे मला माहीत आहे, आणि ते डॉक्टरांनाही सांगितले आहे. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देतो, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची, आणि आकडा वर गेलेला असेल तर मेटफॉर्मिन, आहारतज्ज्ञाची मदत आणि बहिणीचे औषध या तिन्हींविषयी बोलायचे, असे आमच्यात ठरले आहे.